ताटात काय उरलं

माणूस कसा आहे ते त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, तो उठून गेल्यावर त्याचं ताट बघावं, असं शैलाचं ठाम मत होतं. कढीलिंबाची पानं ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवणारा माणूस निघताना कुलूप चारदा ओढून बघतो. चटणी बोटाच्या टोकावर घेऊन तशीच बाजूला सारणारा इथलं बोलणं तिथं नेतो. भाताचा ढीग मधोमध पोखरणाऱ्याच्या मनात दुसरंच काही चाललेलं असतं. आणि 'वा, काय चव आहे!' म्हणणारा माणूस परका. घरचा माणूस नावं ठेवतो. हा शेवटचा नियम तिनं स्वतःच्या घरात पारखून घेतलेला होता. तिचे यजमान अरविंद यांनी सगळ्या संसारात एकदाच आमटीची तारीफ केली, आणि त्या आठवड्यात दोघांचा अबोला होता.

अरविंदना देवासच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा शैला संगमनेरहून नवी नवरी म्हणून इथं आली. पहिल्याच सकाळी शेजारच्या भाभींनी पोहे पाठवले. वाफवलेले, बडीशेप घातलेले, गोडसर, वर मूठभर शेव, कांदा आणि जीरावन नावाचा तांबडा मसाला. शेजारी जिलबीचा तुकडा. शैलानं झाकण उचललं आणि म्हणाली, "अहो, हे पोहे आहेत की रुखवत?" अरविंदनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांचं तोंड भरलेलं होतं. ते पहिल्याच महिन्यात फितूर झाले. मुलगा योगेंद्र तर जन्मलाच पलीकडच्या गोटात.

तेव्हापासून घरात रोज सकाळी तीच लढाई. शैला पोहे करायची तिच्या माहेरचे, दाणे, खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, बस्स. योगेंद्र ताटलीकडे बघायचा आणि ओरडायचा, "आई, शेव कुठंय? इतके सूखे पोहे कोण खातं, यार?"

"माणसं खातात."

"संगमनेरची खात असतील. इथं तर गाय पण आधी विचारते, शेव आहे का."

शैला शेवेचा डबा पिठाच्या पिंपामागे लपवायची. तो शोधून काढायचा. ती पुन्हा लपवायची. शेव संपत आली की नवी आणून भरायचीही तीच. हे अरविंदना दिसत होतं, पण बोलून मजा कशाला घालवा.

योगेंद्र कारखान्यात तपासणी विभागात होता. सरळ मुलगा. शाळा हिंदीतून झालेली, त्यामुळे मराठी वाचताना प्रत्येक ओळीत एकदा ठेचकाळायचा, पण बोलायचा भरभर, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. पस्तिशी ओलांडली तरी लग्न जमत नव्हतं. पुण्या-नाशकाकडच्या मुली विचारायच्या, "देवास म्हणजे नक्की कुठे?" एकीच्या वडिलांनी तर "तिकडे बर्फ पडतो का हो?" असंही विचारलं होतं. इथल्या मराठी मुलींना इथून निघायचं होतं. शैलाच्या डोक्यात सगळ्या नकारांचा हिशोब पक्का होता, कुणी कोणत्या शब्दांत सांगितलं, कुणी तेवढंही न करता फोन उचलणं बंद केलं. प्रत्येक नकारानंतर योगेंद्र म्हणायचा, "जाऊ दे ना, आई," आणि त्या दिवशी शेव मागायचा नाही. दुसऱ्या दिवशी मागायचा. शैला त्या दुसऱ्या दिवसाची वाट बघायची.

मग चारुलतानं धारचं स्थळ आणलं. चारुलता म्हणजे त्यांच्याच कॉलनीतली, शाळेत शिकवणारी, माहेर धारचं. "नीलकंठराव हेडमास्तर होते, शैलाताई. पवारांच्या राज्यात यांचे पणजोबा कारकून होते म्हणे, तेव्हापासून धारला. माणसं जुन्या वळणाची, पण मनाची फार चांगली. जान्हवी एकुलती एक. मुलांना चित्रकला शिकवते."

जुन्या वळणाची म्हणजे काय, ते शैलाला धारला गेल्यावर कळलं. नीलकंठराव दारातच हात जोडून म्हणाले, "आपले येणे झाले, फार संतोष वाटला," आणि त्याच दमात गल्लीतल्या दूधवाल्याकडे वळून ओरडले, "काय भिया, आज फिर पानी मिला दिया क्या?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनी नवऱ्याला 'स्वारी' म्हणायच्या, सासूबाईंचा विषय निघाला की 'मातोश्री' म्हणायच्या, आणि ताटात एका बाजूला पुरणपोळी, दुसऱ्या बाजूला तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे भाजके गोळे, वाढायच्या. शैलानं ताटावर हात आडवा धरला. प्रमोदिनींनी बोटांच्या फटीतून लाडू सरकवला. "नाही म्हटल्यावर ठेवायचं नसतं होय?" शैला म्हणाली. "नाही म्हटल्याशिवाय ठेवायचं तरी कसं?" प्रमोदिनी म्हणाल्या. शैलानं मनात नोंद केली, यांची जीभ पेशवाईतली, पोट माळव्यातलं. माणसं बरी आहेत. लाडू जास्त भाजलाय.

गॅलरीत योगेंद्र आणि जान्हवी उभे होते. शैलाचा एक कान तिकडे होता.

"पोह्यांवर शेव लागते का तुम्हाला?" जान्हवीनं विचारलं.

"लागते म्हणजे? शेवेवर थोडे पोहे लागतात."

"मग जमेल," जान्हवी म्हणाली, आणि दोघंही हसली. योगेंद्रचं ते हसणं शैलानं फार वर्षांत ऐकलं नव्हतं. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना तो शीळ घालत होता. नंतरचे बरेच दिवस संध्याकाळी कारखान्यातून आला की फोन घेऊन बाल्कनीत उभा राहायचा आणि हळू आवाजात बोलायचा. एकदा त्यानं आपणहून सांगितलं, "आई, ती म्हणते धारच्या घरी पोह्यांत साखर जास्त घालतात, तिला नाही आवडत. तुझे आवडतील तिला." आणि मग घाईनं, "म्हणजे, शेव टाकून."

आता फक्त त्यांनी घर बघायला यायचं होतं, आणि मग मुलाकडच्यांनी होकार कळवायचा होता.

शैला दोन दिवस आधीपासून कामाला लागली. श्रीखंडासाठी चक्का घरी टांगला. अळूची पानं शहरभर शोधली. साबुदाण्याचे वडे, मटारची उसळ, पुऱ्या. अरविंद म्हणाले, "अगं, दोन माणसं येणारेत, वऱ्हाड नाही." शैला म्हणाली, "तुम्ही फक्त दाढी करा."

नीलकंठराव आणि प्रमोदिनी आले. येताना भलीमोठी पिशवी आणली होती, घरचे लाडू, लोणची, मांडूची इमली, योगेंद्रसाठी शर्टाचं कापड. चपला त्यांनी फाटकापाशीच काढल्या, जिना अनवाणी चढले. घर बघितलं. प्रमोदिनींनी देवघरापुढे उभं राहून डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवला. नीलकंठराव अरविंदशी कारखान्याबद्दल भरभरून बोलले, योगेंद्रच्या पाठीवर दोनदा हात ठेवला.

आणि कशालाही शिवले नाहीत.

शैलानं आधी पाणी ठेवलं. ग्लास तसेच राहिले. "घ्या ना." "हो, हो, असू द्या." मग श्रीखंड-पुरी आणली. नीलकंठराव हात जोडून म्हणाले, "वहिनी, आज क्षमा असावी. वाटेत बाहेर घेतलंय." शैलाला वाटलं, धारचीच रीत, नाही म्हणायचं आणि वाढून घ्यायचं. तिनं वाढलं. प्रमोदिनींनी ताट अदबीनं, दोन्ही हातांनी, पुढे सरकवून ठेवलं. "मग चहा तरी?" "नको." "निदान खडीसाखर तोंडात टाका. असं कसं?" त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कसनुसं हसली, आणि प्रमोदिनी म्हणाल्या, "पुढे खूप वेळ आहे, शैलाताई." मग ती दोघं निघाली.

शैला बाल्कनीत आली. कोपऱ्यावरच्या चहाच्या गुमटीपाशी त्यांची गाडी थांबली होती. नीलकंठराव उभ्याउभ्या घटाघट पाणी पीत होते. प्रमोदिनींच्या हातात कागदावर कचोरी होती, आणि त्या भुकेल्या माणसासारख्या ती खात होत्या.

मागे टेबलावर दोन भरलेली ताटं. अळूवडीला टोचलेली खूणसुद्धा नाही.

असं ताट शैलानं आजवर बघितलं नव्हतं, पण वाचायला वेळ लागला नाही. आपल्या घरचं पाणीसुद्धा नको. वर आणखी लाडूंची पिशवी आणून टाकली, म्हणजे आपलं त्यांच्यावर काही देणं राहायला नको. 'पुढे खूप वेळ आहे' म्हणजे घाई कशाला, बघू. जुनी मोठी माणसं, तोंडावर नाही म्हणायची नाहीत. आठ दिवसांनी चारुलताकडून निरोप येईल आणि योगेंद्र म्हणेल, 'जाऊ दे ना, आई.' या खेपेला तसं म्हणताना त्याचा आवाज कसा होईल, ते शैलाला आत्ताच ऐकू येत होतं. शिवाय कॉलनीत पुन्हा तेच, अमक्याच्या मुलाला आणखी एक नकार. त्यापेक्षा नाही आपणच आधी म्हणावं.

सकाळी योगेंद्र कामावर गेल्याबरोबर तिनं चारुलताला फोन केला. "त्यांना कळवून टाक, आमच्याकडून नाही."

"काय?" चारुलता म्हणाली. "शैलाताई, पण ते तर..."

"कारण विचारू नकोस. आणि मला समजावू नकोस. माझ्या घरी आलेली माणसं मला कळतात." आणि तिनं फोन ठेवला. चारुलताच्या त्या अर्ध्या वाक्याचं पुढचं अर्धं तिला नको होतं. नंतर चारुलतानं दोनदा फोन केला, शैलानं उचलला नाही.

संध्याकाळी योगेंद्र आला तेव्हा ती म्हणाली, "धारहून नकार आलाय रे."

त्यानं बूट काढता काढता वर बघितलं. "त्यांनी सांगितलं?"

"चारूकरवी."

"काय म्हणाले?"

"काही कारण नाही दिलं."

"अच्छा," तो म्हणाला. 'जाऊ दे ना, आई' हे तो म्हणालाच नाही. फोन खिशातून काढून त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला, मग ठेवून दिला. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलीला फोन करणाऱ्यांतला तो नव्हता. आणि जिला मुलाकडून नकार आला होता, ती तरी कशाला करेल?

दुसऱ्या दिवशी त्यानं शेव मागितली नाही. तिसऱ्याही नाही. अरविंद एकदा हळूच म्हणाले, "तू घाई तर नाही केलीस ना, शैला?" ती म्हणाली, "तुम्हाला पाण्याचा ग्लास दिसला नाही, मला दिसला." पुष्कळ दिवसांनी एका सकाळी योगेंद्र पिठाच्या पिंपामागे हात घालून कुरकुरला, "आई, कधी तरी डबा जागेवर ठेवत जा ना," तेव्हा शैलानं ओट्याकडे तोंड करून पदरानं डोळे टिपले. भरून निघालं, असं ती धरून चालली.

उन्हाळा तोंडावर आला होता. रविवारी दुपारी दार वाजलं. दारात नीलकंठराव आणि प्रमोदिनी. घामानं निथळलेले, कपाळाला कुंकवाचे टिळे.

"जान्हवीचे लग्न ठरले," नीलकंठराव म्हणाले. "कन्नौदचे स्थळ आहे, मुलगा बँकेत. पहिली अक्षत टेकरीवर तुळजाभवानीला ठेवली, आणि ही म्हणाली, देवासला आलो आहोत तर अरविंदरावांकडे गेल्यावाचून जायचे नाही. संबंध जुळला नाही म्हणून ओळख का मोडावी?"

शैलाच्या तोंडून "या, या" निघालं. योगेंद्र आतून बाहेर आला, त्यांना बघून थबकला, मग वाकून नमस्कार केला. नीलकंठरावांनी त्याच्या हातात पत्रिका दिली. योगेंद्रनं ती उघडली आणि एकेक शब्द अडखळत मनात वाचत राहिला. इतकी छोटी पत्रिका, पण तो वाचतच होता.

"वहिनी, आधी पाणी द्या," नीलकंठराव म्हणाले. "टेकरीच्या पायऱ्यांनी जीव घेतला."

शैलानं पाणी दिलं. ते एका घोटात प्याले आणि ग्लास पुढे केला. दुसरा दिला, तोही प्याले. प्रमोदिनी म्हणाल्या, "आणि खायलाही काही असेल ते चालेल हो, शैलाताई. आज संकोच नाही करणार."

घरात सकाळचे पोहे होते आणि जेवणातली आमटी, भात, वांग्याची भाजी. शैलानं वाढलं. दोघं जेवू लागली. नीलकंठरावांनी आमटी वाटीला तोंड लावून संपवली. "वा, वहिनी! काय चव आहे!" प्रमोदिनींनी भाजी पुन्हा मागितली. "आमच्या जान्हवीला सांगेन, असं वांगं कर म्हणून." कढीलिंबाचं पानसुद्धा ताटात राहिलं नाही. शैला वाढत होती.

"मागच्या खेपेला," ती शेवटी म्हणाली, हसत, म्हणजे तिला हसल्यासारखं वाटलं, "मागच्या खेपेला तर माझ्या घरचं पाणीसुद्धा चाललं नाही तुम्हाला."

प्रमोदिनींचा घास हातात थांबला. मग त्या मोकळेपणानं हसल्या. "अगबाई, ते होय! अहो, लेकीच्या सासरी आईबापांनी पाणी घ्यायचं नसतं ना, नातवंड होईस्तोवर. आमच्याकडे अजून कडक पाळतात. मातोश्री तर माझ्या नणंदेच्या गावच्या विहिरीचंही पाणी घेत नसत."

"पण तेव्हा कुठं काही ठरलं होतं?" अरविंद म्हणाले.

"तुमच्याकडून नव्हतं ठरलं. स्वारीच्या मनात ठरलंच होतं. खाली फाटकाशी चपला काढल्या आणि मला म्हणाले, हे आता आपल्या जान्हवीचं घर, इथं काही घ्यायचं नाही. मला तर त्या अळूवड्या बघून अगदी रडू येत होतं. पण बोलता येईना. मुलाकडचा होकार यायच्या आत मुलीकडच्यांनी असं तोंडानं सांगणं बरं दिसतं का? वाटलं, तुम्हाला कळलंच असेल." त्यांनी आमटीचा भुरका मारला. "मग दुसऱ्याच दिवशी तुमचा नकार आला. चारू म्हणाली, कारण विचारू नका. पोरगी आठवडाभर वर्गात गेली नाही. पण आता ते कशाला? ज्याचं त्याचं ठरलेलं असतं."

"तेच तर," नीलकंठराव म्हणाले. "थोडी आमटी मिळेल का?"

शैलाची आजी संगमनेरहून सिन्नरला लेकीकडे जाताना पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या बरोबर न्यायची. लहानपणी शैलानंच तो तांब्या हातात धरला होता. हे तिला आत्ता आठवलं, पळी हातात धरून उभी असताना.

तिनं योगेंद्रकडे बघितलं नाही. मग योगेंद्रच उठला, पाण्याचा जग उचलला, आणि नीलकंठरावांचा ग्लास भरला. "अजून, काका?"

"पुरे, बेटा. सुखी राहा."

जाताना ती दोघं, या खेपेला वर दारातच काढलेल्या, चपला घालून निघाली. योगेंद्र त्यांना गाडीपर्यंत पोचवून आला. अरविंद बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत. कोपऱ्यावरच्या गुमटीपाशी गाडी थांबली नाही. थांबायचं कारणच नव्हतं.

योगेंद्र टेबलापाशी आला. पुसल्यासारखी दोन ताटं तिथं होती.

"आई," तो म्हणाला, "तू सांगितलंस, धारहून नकार आला."

"रे, मला वाटलं..." शैला म्हणाली. "तुला पुन्हा... ते नाहीच म्हणणार होते असं मला वाटलं. मी आधीच... तुझ्यासाठीच ना रे, योगू."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर ती त्याच्यापुढे उभी राहिली असती, भांडणं तिला येत होतं. त्यानं दोन्ही ताटं उचलली आणि मोरीत ठेवली. "ठीक आहे," म्हणाला. "तुम्ही आराम करा आता, दमला असाल." 'तुम्ही' हे दोघांना मिळून होतं की तिला एकटीला, हे शैलाला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी तिनं पोहे केले. शेवेचा डबा पिंपामागून काढला, पुसला, टेबलाच्या मधोमध ठेवला, झाकण उघडून. योगेंद्र आंघोळ करून आला. बसला. तिनं ताटली पुढे केली. त्यानं डब्याकडे बघितलं असेल नसेल. कोरडे पोहे तो शांतपणे खाऊ लागला. कढीलिंबाचं पानही खाल्लं, जे त्यानं जन्मात कधी खाल्लं नव्हतं. शेवटचा दाणा टिपला.

"शेव घे ना," शैला म्हणाली.

"नको, बस झालं," तो म्हणाला, आणि उठून ताटली स्वतः धुऊन पालथी घातली. मग पुसलेले हात जोडून, दारातल्या पाहुण्यासारखा, थोडं वाकून म्हणाला, "पोहे फार छान झालेत, आई."